मोहोर उदंड, कणी मोजकी

डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हटकून येते : पारा घसरला, आंबा बागायतदार सुखावले. सोबत मोहोराने लगडलेल्या हापूस कलमाचा फोटो. बातमी खोटी नसते, पण अर्धीच असते. उरलेली अर्धी फेब्रुवारीत कळते. तेव्हा बागेत जाऊन आलेला माणूस एवढेच म्हणतो, "मोहोर होता, पण धरला नाही." तोवर फोटोवाले दुसऱ्या बातमीकडे गेलेले असतात.

थंडीने झाडाचे नुकसान होते म्हटले की डोळ्यांपुढे चित्र येते ते थंड देशांतले. तिकडे परसातले अंजिराचे झाड हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते. त्या अवस्थेत ते शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत बहुधा तग धरते. पारा त्याच्याही खाली गेला की कोवळ्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येतात. नखाने साल खरवडून बघायची : आत हिरवे असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. म्हणून तिकडची माणसे थंडीपूर्वी झाडाला पेंढा-गोणपाट गुंडाळतात, बुंध्याशी पाल्याचा ढीग रचतात. आपल्याकडचे अंजीर पुरंदरचे. सासवड-जेजुरीकडच्या त्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे दव गोठून झाड मरण्याची भीती नसते. फार तर थंडीत फळ पिकायला वेळ लावते आणि गोडीला कमी पडते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्या ओलीत अंजिराच्या पानांवर तांबेरा माजतो, फळे फुटतात, त्यामुळे कोकणात अंजिराच्या बागा जवळपास नाहीतच. इथे थंडीचा हिशेब मांडायचा तो हापूसच्या नावावर.

हापूसचे दुखणे वेगळे आहे. आंबा सदाहरित. पाने गाळून हिवाळा झोपून काढायची सोय त्याला नाही. उलट वर्षातले सगळ्यांत नाजूक काम, म्हणजे फुलणे, तो ऐन थंडीत करतो. कोकणात गोठवणारी थंडी पडत नाही, त्यामुळे पान करपत नाही, फांदी काळी पडत नाही, साल खरवडून काही कळत नाही. झाड बाहेरून टवटवीत दिसते. नुकसान झालेले असते फुलाच्या आत, आणि ते पाहायला भिंग लागते.

आधी थंडीची गरज का, ते पाहू. पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या उन्हात कातळावरची माती भराभर सुकते, झाडाची नवी वाढ थांबते आणि पावसाळ्यातली पालवी जून होते. त्यानंतर रात्री गार होऊ लागल्या, पारा विसाच्या खाली राहू लागला की जून पानांत फुलण्याचा संदेश तयार होतो आणि तो फांदीच्या टोकावरच्या डोळ्यापर्यंत पोचतो. मग त्या डोळ्यातून पालवीऐवजी मोहोर निघतो. पान कोवळे असेल तर हा संदेश तयार होत नाही. म्हणूनच पाऊस लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी फुटली, तर त्या फांद्या वेळेवर मोहोरत नाहीत, थंडी कितीही चांगली पडो. इथवर बागायतदाराचा आनंद रास्त आहे. पंधरा ते वीस अंशांच्या रात्री आणि तिशीच्या आसपासचे दुपारचे ऊन, हे हापूसला मानवणारे हवामान.

अडचण सुरू होते ती थंडी वाढली किंवा मुक्कामाला राहिली की. आंब्याच्या एका मोहोरात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. ती दोन प्रकारची : नुसती नर फुले आणि नर-मादी दोन्ही भाग असलेली संयुक्त फुले. फळ धरते ते फक्त संयुक्त फुलात. हापूसमध्ये मुळातच संयुक्त फुलांचे प्रमाण कमी, पायरी किंवा गावठी रायवळाच्या मानाने बरेच कमी. त्यात मोहोराची दांडी वाढत असताना कडक थंडी मिळाली तर हे प्रमाण आणखी घटते. झाड फुलते जोमाने, पण त्यातली बहुतेक फुले वांझ. कळीत परागकण घडत असताना पारा दहाच्या खाली उतरला तर परागच निकामी होतात. जे धड असतात तेही पंधराच्या खालच्या गारव्यात नीट रुजत नाहीत, परागनलिका रेंगाळते आणि बीजांडापर्यंत वेळेत पोचत नाही. भरीला, आंब्याचे परागीभवन करणाऱ्या माश्या आणि इतर कीटक गारठलेल्या सकाळी कामाला उशिरा लागतात. नेमकी तीच वेळ फूल उमलण्याची. हवामान उत्तम असतानाही शंभर फुलांमागे एखादेही फळ हाती लागत नाही. त्यातून इतक्या बाजूंनी वजाबाकी झाल्यावर राहते काय?

म्हणून माझे सरळ मत असे की जानेवारीत पानही दिसू नये इतके फुललेले हापूसचे झाड पाहून हरखू नये. तो मोहोर फळाचा आहे की नुसता शोभेचा, हे आधी तपासावे.

तपासणी अवघड नाही. मुलांच्या शाळेच्या पेटीतले दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. सकाळी उमललेले एक फूल हातात घ्या. मधोमध हिरवट-पिवळी, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान गोल गुठळी दिसली, तिच्या एका अंगाने केसासारखी दांडी वर आलेली असली, तर ते संयुक्त फूल. ती गुठळी नसली, नुसता गुलाबी डोक्याचा एक पुंकेसर उभा असला, तर नर. संयुक्त फुले मोहोराच्या टोकाकडच्या भागात जास्त असतात, त्यामुळे बुडाकडची चार फुले बघून निकाल देऊ नका. झाडाच्या चारही दिशांचा एकेक मोहोर घ्यावा आणि टोक, मध्य, बूड अशा तिन्ही ठिकाणची फुले पाहावीत. नोव्हेंबरअखेर निघालेला मोहोर आणि कडाक्याच्या थंडीत निघालेला मोहोर असे शेजारी ठेवून पाहिले तर फरक बिनभिंगाचाही जाणवतो. दुसरा लांब, सैल, फुलांनी गच्च, आणि त्याच्या फुलांत गुठळी शोधावी लागते.

पुढची खूण वाळलेल्या मोहोरात. इथे मात्र घोटाळा होतो, कारण मोहोर वाळवणारे कोकणात तिघेचौघे आहेत. भुरी असेल तर दांड्यांवर आणि फुलांवर पांढरी पूड बसलेली दिसते आणि फुले वाळून तिथेच चिकटून राहतात. तुडतुडे असतील तर पाने चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, झाडाखालून गेले तरी किडे तडतड उडतात. करप्यात दांडीवर काळे ठिपके पडून ते एकमेकांत मिसळतात. निव्वळ थंडीने गेलेला मोहोर यांपैकी काहीच दाखवत नाही. फुले गळून जातात आणि दांड्या स्वच्छ, कोरड्या, खराट्यासारख्या उभ्या राहतात. अशा मोहोरावर आणखी एक औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पण दरवर्षी ते होते, कारण 'मोहोर वाळतोय' म्हटल्यावर दुकानदार बाटली देतो, भिंग देत नाही. एक गोष्ट खरी की गार, दमट रात्री भुरीला मानवतात. त्यामुळे थंडी आणि भुरी जोडीनेही येतात, आणि तेव्हा भुरीचा बंदोबस्त करावाच लागतो.

तिसरी खूण कणीत सापडते. कणी म्हणजे नुकतीच धरलेली बारीक फळे. थंडीत परागीभवन अर्धवट राहिले किंवा आतला गर्भ दगावला, तरी काही कण्या लगेच गळत नाहीत. वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या होतात आणि तिथेच थांबतात, पिवळट पडतात. अशी एक कणी पात्याने उभी चिरावी. निरोगी कणीत बी पांढरे, रसरशीत दिसते. दगावलेलीत ते आकसलेले, तपकिरी, किंवा नुसती पोकळी. अशा फळांची मोजणी धरून व्यापाऱ्याशी बागेचा सौदा ठरवणारे लोक मार्चमध्ये भांडताना दिसतात. दोघेही प्रामाणिक असतात, फळेच फसवी होती.

आणि आता कोकणाचे खास दुखणे : पुनर्मोहोर. पहिल्या मोहोराला छान कणी धरली, वाटाण्याची गोटी होऊ लागली, आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडीची नवी लाट आली. दिवस तापलेले, रात्री गारठलेल्या. मग फळे लागलेल्या त्याच फांदीतून झाड पुन्हा मोहोर काढते. नव्या मोहोराला अन्न लागते, आणि ते वाढत्या फळांच्या तोंडचे काढून घेतले जाते. गोटीएवढी झालेली फळे देठाशी पिवळी पडून गळू लागतात. नव्या मोहोरात बहुतेक नर फुले, म्हणजे तिकडूनही हाती फारसे लागत नाही. जुने गेले, नवे आले नाही. हापूसला कणी धरल्यापासून काढणीपर्यंत साडेतीन-चार महिने लागतात. मार्च-एप्रिलात वाशीच्या बाजारात जाऊन चांगला दर घेणारा आंबा या पहिल्या मोहोराचा असतो. पुनर्मोहोराने तोच जातो. उरलेला माल मेअखेरीस, वळवाच्या पावसाच्या तोंडावर तयार होतो, तेव्हा दरही उतरलेले असतात. हंगामाच्या मधोमध आंबा गायब होतो आणि मुंबई-पुण्याचा ग्राहक विचारतो, "यंदा हापूस इतका महाग का?" त्याचे उत्तर बरेचदा जानेवारीतल्या रात्रींत असते.

पुनर्मोहोरावर उपाय आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. हापूसच्या मोहोरावर त्याने केलेले काम बागायतदारांच्या रोजच्या व्यवहारात उतरले आहे. पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला बागायतदार 'कल्टार' म्हणूनच ओळखतात, ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्तारानुसार बुंध्याभोवती जमिनीत दिले जाते. झाडात जिबरेलिन नावाचे एक संजीवक तयार होते. ते शाकीय वाढीला बळ देते आणि फुलण्याला अडवते. कल्टार या जिबरेलिनची निर्मिती दाबते, म्हणून झाड लवकर आणि नेमाने मोहोरते. पुनर्मोहोर थांबवायचा तर याच्या बरोबर उलट करायचे : जे संजीवक पावसाळ्यात दाबले तेच आता बाहेरून द्यायचे. विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक आम्लाच्या ५० पीपीएम फवारणीची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पहिली फवारणी झाड मोहोरावर असताना, दुसरी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर. ही पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. बादलीच्या तळाशी तशीच राहिलेली पूड कुठल्याच फांदीचे भले करत नाही.

यात एक अट आहे आणि ती विसरली जाते. पहिल्या मोहोराला पुरेशी फळधारणा झाली आहे याची खात्री असेल तरच ही फवारणी करायची. पहिला मोहोर थंडीने वांझच गेला असेल तर पुढचा मोहोर हीच आशा असते, आणि तिथे जिबरेलिक आम्ल मारणे म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणे. भिंग आणि पाते आधी, पंप नंतर.

कल्टारचा थंडीशी आणखी एक संबंध आहे. मोहोर नोव्हेंबरात आणला तर निदान काही कणी कडाक्याच्या आधी धरून जाते. सगळी मदार जानेवारीच्या मोहोरावर राहत नाही. पण पाऊस लांबला तर तोच लवकरचा मोहोर काळा पडतो. शिवाय मात्रा वाढवत नेली, खतपाण्याकडे दुर्लक्ष केले, तर झाड थकते, फांद्या आखडतात. कल्टार हा थंडीचा विमा आहे असे कुणी सांगितले तर ऐकून घ्यावे, मानू नये.

थंडी सगळ्या बागेवर सारखी पडत नाही, हे मात्र फारसे कुणी मोजत नाही. गार हवा जड असते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री ती उतारावरून वाहत खाली येते आणि ओढ्या-पऱ्याच्या काठी, खोलगट जागी साचते. उतारावरची कलमे आणि तळातली कलमे यांच्यात पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. समुद्राच्या अंगाला, पावस-गणपतीपुळ्याच्या पट्ट्यात, समुद्र रात्रीचा पारा फार खाली जाऊ देत नाही. लांजा, संगमेश्वर, चिपळूणकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी सरकावे तसा गारठा वाढतो. दापोली समुद्रापासून लांब नाही, पण उंचीवर आहे. तिथे काही हिवाळ्यांत पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा रत्नागिरी शहराचे तापमान बातम्यांत ऐकून लांज्याच्या खोलगटातल्या बागेचा अंदाज बांधू नये. कमाल-किमान तापमापक फार महाग नसतो. तो घराच्या पडवीत नको, बागेतल्या सर्वांत सखल जागी, सावलीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर टांगावा.

नवी लागवड करणाऱ्याला इथे निवडीला वाव आहे. तळातल्या खोलगट जागी हापूस न लावता दुसरे काही लावता येते. बागेत वरच्या बाजूने येणारी गार हवा अडून साचणार नाही, तिला खालून निघून जायला वाट राहील, असे कुंपण ठेवता येते. आणि हापूसच्या बागेत दहा टक्के तरी झाडे दुसऱ्या जातींची असावीत, हे तर विद्यापीठ सतत सांगते. हापूस स्वतःच्या परागाने नीट धरत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेला आणि १९८१ साली प्रसारित झालेला 'रत्ना', शिवाय केसर, पायरी, अशी झाडे मधून मधून असली की थंडीत कमी पडणाऱ्या परागाची थोडी भरपाई होते. जोडीला मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक न फवारणे, ही फुकटची काळजी आहे.

मोठ्या झाडाला गुंडाळता येत नाही, हे उघड आहे. उत्तर भारतात दव गोठणाऱ्या भागात लहान आंब्यांवर गवताचे छप्पर करतात आणि ऊन यावे म्हणून आग्नेयेची बाजू उघडी ठेवतात. आपल्याकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कलमांना असा पेंढ्याचा आडोसा करायला हरकत नाही. पण वीस फुटी कलमाखाली पालापाचोळा पेटवून धूर केल्याने मोहोर उबदार राहतो, यावर माझा विश्वास नाही. उघड्या उतारावर धूर पाच मिनिटांत समुद्राकडे जातो, आणि कोरड्या गवताच्या दिवसांत वणव्याची जोखीम मागे ठेवतो.

त्यापेक्षा पाण्याचा उपयोग खरा. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती गवताचे आच्छादन, ही शिफारस गळ कमी करण्यासाठी आहे. थंडीने अर्धमेल्या झालेल्या फळांना पुढचा धक्का उन्हाचा असतो. फेब्रुवारीत पूर्वेचा कोरडा वारा सुटला, दुपारचे खारे वारे उशिरा आले की रत्नागिरीचा पारा अचानक पस्तिशी ओलांडतो. पहाटे पंधरा, दुपारी छत्तीस, असे आठ दिवस गेले की धरलेली फळेही देठ सोडतात. ओल टिकवलेल्या झाडाला हा झटका कमी बसतो. वाटाणा, गोटी आणि अंडी या तिन्ही टप्प्यांवर एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणीही याच कामी येते. मात्र मोहोर निघण्यापूर्वी पाणी देण्याची घाई करू नये, नाहीतर झाड पालवीवर जाते.

घाटावरच्या बागायतदारालाही थंडी सोडत नाही, फक्त तिचे रूप बदलते. निफाडकडे द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडतात, पहाटे बागांत शेकोट्या पेटतात. जळगावात केळीचा घड बाहेर पडताना अडकतो. ते नुकसान डोळ्यांना दिसते, पंचनाम्यात लिहिता येते. हापूसचे दिसत नाही, म्हणून ते लिहिलेही जात नाही.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कोकणच्या आंब्यासाठी अवेळी पाऊस आणि जादा तापमानाबरोबर कमी तापमानाची जोखीमही धरलेली आहे, हे अनेकांना माहीत नसते. भरपाई तुमच्या बागेतला मोहोर मोजून ठरत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रात ठरावीक काळात, ठरावीक दिवस पारा ठरलेल्या अंशाखाली राहिला का, एवढेच पाहिले जाते. हे आकडे शासन निर्णयात छापलेले असतात आणि ते बदलतात. हप्ता भरण्यापूर्वी यंदाचा तक्ता कृषी विभागाकडून मागून घ्या, आपले मंडळ कोणते आणि त्याचे केंद्र कुठे आहे ते विचारा, आणि बागेतल्या तापमापकाची रोजची नोंद डिसेंबरपासून वहीत ठेवा. केंद्र सड्यावर आणि बाग पऱ्याकाठी असेल तर दोन्ही आकड्यांतला फरक दाखवायला तुमच्याकडे ती वहीच असेल.